१९९२ ची दहावी, सांगली : आठवणी हव्यात (आणि घंटा कशाची होती?)

आयर्विनकर

मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरतंय. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नदीकडच्या अंगाची शाळा म्हटलं की गावभागातले ओळखतीलच. व्हॉट्सॲप ग्रुपवर ६१ जण जमलेत. एक छोटी पुस्तिका काढायची आहे आणि ती लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय, कारण शाळेत निबंधाला मला बरे मार्क मिळायचे म्हणे. तेव्हा आठवतील त्या गोष्टी इथं टाका. सुरुवात मीच करतो.

पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या वर्गातून कृष्णेवरचा आयर्विन पूल दिसायचा. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ. आई-आजी नदीला हात जोडायच्या ते पाणी उतरावं म्हणून. आम्ही मात्र मनातल्या मनात म्हणायचो, अजून दोन फूट चढू दे, म्हणजे उद्या सुट्टी. कोयनेतून पाणी सोडलं का, हा प्रश्न गणिताच्या तासाला जितका गांभीर्याने विचारला गेला तितका गणिताचा एकही प्रश्न विचारला गेला नाही.

मग पांढरा शर्ट, खाकी अर्धी चड्डी, आणि नववीत अचानक फुल पँटची परवानगी. हिरो पेन शाईने गळायचं आणि खिशाला निळा डाग पडायचा. तो डाग म्हणजे अभ्यासू असल्याचा पुरावा. संस्कृतच्या तासाला रामः रामौ रामाः एका सुरात. आणि पोर्चमधला तो पितळी टोल! त्याचा आवाज अजून कानात आहे. ठण्ण करून वाजायचा आणि नंतर बराच वेळ घुमत राहायचा.

वर्गाचा ग्रुप फोटो कुणाकडे असेल तर स्कॅन करून पाठवा. माझा २००५ च्या पुरात गेला.

चिंचबोरं

टोल पितळी नव्हता रे. रुळाचा तुकडा होता. रेल्वेच्या. लोखंडी. घुमायचा वगैरे काही नाही, ठाण ठाण वाजायचा आणि पुढच्या बाकावरच्या आम्हा मुलींच्या कानठळ्या बसायच्या.

आता मुलींच्या बाजूचं लिहिते, नाहीतर पुस्तिकेत नुसती क्रिकेटची मॅच येईल. डावीकडच्या दोन रांगा आमच्या. तीन वर्षं एका वर्गात बसून मी वर्गातल्या एकाही मुलाशी बोलले नाही. वही हवी असेल तर वर्गात सगळ्यांत लहान दिसणाऱ्या मुलाला निरोप्या करायचं. मुलं आम्हाला आडनावानं हाक मारायची आणि आम्ही हाकच मारायचो नाही. परवा ग्रुपवर एकानं मला ‘अगं’ म्हटलं. पन्नाशीला आलेली बाई मी, दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला.

मधल्या सुट्टीत फाटकाशी एक आजी बसायच्या. गोणपाटावर गाभुळलेल्या चिंचा, बोरं, कवठाच्या फोडी, आणि कागदाच्या पुडीत तिखट-मीठ. त्यांच्याकडे तराजू नव्हता, एक चेपलेली ॲल्युमिनियमची वाटी होती. चार आण्याला एक वाटी. पण वाटी भरताना अंगठा आतल्या बाजूला, म्हणजे अंगठ्याएवढी बोरं कमी. आम्ही म्हणायचो, “आजी, अंगठा काढा.” त्या म्हणायच्या, “अंगठ्याचं पैसं घेत न्हाई गं तुझ्याकडनं.” पैसे नसले तर उधारीही चालायची आणि ती त्या बोटांच्या पेरांवर लक्षात ठेवायच्या. माझे बारा आणे द्यायचे राहिले आहेत.

पुणेकर_नाइलाजाने

टोल पितळीच. मी पाहिलाय. आयर्विनकर बरोबर आहे.

क्रिकेट तर येणारच. ४ मार्च १९९२, सिडनी, भारत-पाकिस्तान. बोर्डाची परीक्षा तोंडावर आणि नेमकं त्याच दिवशी हॉल तिकीट न्यायला शाळेत बोलावलेलं. घंटा देणाऱ्या मामांच्या खोलीत ट्रान्झिस्टर होता, त्याच्याभोवती आम्ही वीस-पंचवीस पोरं. ड्रॉइंगचे सर आले. आम्ही पळणार तोच म्हणाले, “स्कोअर काय?” आणि मग तेही दारात उभे राहिले. हॉल तिकिटाची रांग तशीच थांबलेली. भारत ४३ धावांनी जिंकला. मियाँदादच्या त्या उड्या आम्ही रेडिओवर ‘ऐकल्या’, काय चाललंय ते कळलंच नाही, नंतर टीव्हीवर पाहिल्या. वर्ल्ड कप शेवटी पाकिस्तानच घेऊन गेलं आणि मला भूमितीत किती पडले ते विचारू नका, कारण बीजगणितासकट धरूनही सांगण्यासारखं नाही.

गॅदरिंगचं पण लिही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटकाचा पहिला खेळ केला, तेव्हापासून इथं प्रत्येक शाळेला आपल्याकडे एक तरी नट आहे असं वाटतं. आमच्या नाटकात मी शिपाई होतो. हातात भाला. संवाद नाही. तरी आईनं शेजारच्या चार घरांना बोलावलेलं.

हळद्या

मी बरेच दिवस इथं नुसता वाचत असतो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पण १९९२ चा. तुमच्याच शाळेचा. ड तुकडी. तुमच्या त्या ६१ जणांत ड ची किती आहेत तेवढं मोजून सांगा.

टोलाचं भांडण मिटवतो आधी. दोघंही बरोबर आहात. आठवीत पितळी टोल होता. त्याला तडा गेला, आवाज बसला, मग नववीपासून रुळाचा तुकडा टांगला. पोर्चच्या वाशाला तारेनं. मारायला एक मोठा बोल्ट, मामांच्या खोलीच्या खिडकीत असायचा. हे मला माहीत आहे कारण नववी-दहावी दोन वर्षं बऱ्याच वेळा घंटा मीच दिली आहे. मामांचे गुडघे धरायचे, आमचा वर्ग पोर्चला लागून, मागं पत्र्याच्या शेडात. मामा नुसती हाक मारायचे, “ए, जा रं.” मी तासाला उठून जायचो. सर कधी कुठं चाललास म्हणाले नाहीत. सर वर्गात असले तर.

शाळा भरायची घंटा सलग द्यायची, दहा-बारा ठोके. तास बदलला की एक-एक मोजून, पहिला तास एक, दुसरा दोन. मधल्या सुट्टीला दोन-दोनच्या जोड्या. सुटायची घंटा हात दुखेपर्यंत. बोल्ट रुळाच्या मधोमध मारायचा नाही, खालच्या टोकाला मारायचा, तर आवाज नदीपर्यंत जातो. मधे मारला की हाताला झिणझिण्या.

तुम्ही संस्कृतच्या तासाला रामः रामौ करत होता तेव्हा आम्ही कुठं होतो ते पण घाला पुस्तिकेत. गॅदरिंगला बाक कुणी उचलले? ड. पंधरा ऑगस्टला मैदानावरची दगडं कुणी वेचली? ड. पूर उतरल्यावर खालच्या वर्गांतला गाळ फावड्यानं कुणी काढला? सरांनी ड आणि क ला बोलावलं, क ला टेक्निकलचा वर्कशॉप होता म्हणून ते गेले. आम्हाला तेव्हा वाईट वाटत नव्हतं बरं का. तास बुडायचा, मजा यायची. गाळात घसरगुंडी करायचो. हे वाईट वाटायचं नंतर सुचलं, पोरांना शाळेत घालताना.

ड म्हणजे ढ, हे तुम्ही म्हणायचा. गुरुजी पण म्हणायचे.

आमचा ग्रुप फोटो नाही. फोटोवाला आला होता, पैसे आधी भरायचे होते, आमच्यातल्या नऊ जणांनी भरले. नऊ जणांसाठी फोटो काढत नाही म्हणाला. पैसे परत मिळाले, ते खरं.

कडक_इस्त्री

आठवणींचा छान धागा चालला होता. प्रत्येक ठिकाणी हे अ-ब-क-ड काढायलाच हवं का? तुकड्या मार्कांवर पडायच्या, कुणी मुद्दाम केलं नव्हतं. चौतीस वर्षं झाली. ज्यांना यायचंय त्यांनी या, माणशी २,००० रुपये, मिरज रोडला एसी हॉल बघितलाय, जेवण उत्तम आहे.

चिंचबोरं

इस्त्री, तू मुद्दाम केलं नव्हतंस. तुझी शाळेची फीही तू भरत नव्हतास. मार्कांवर तुकड्या पडायच्या हे खरं, पण मार्क कशावर पडायचे? माझ्या घरी सकाळी कुणी मला पाणी भरायला उठवत नव्हतं.

आणि २,००० चं काय घेऊन बसलास. ग्रुपवर परवा तीन जण ‘घरी कार्यक्रम आहे’ म्हणाले. तिघांच्याही घरी एकाच दिवशी कार्यक्रम कसा?

हळद्या, तुझं नाव हळद्या कशावरून पडलं?

हळद्या

नखांवरून. आमचं घर हरिपूरला. वडील पेवावर कामाला.

शहरातल्यांना पेव माहीत नसतं म्हणून सांगतो. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मोठं, रांजणासारखं. आतनं वाळला पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं. हरिपूरची मातीच तशी, पाणी धरत नाही. हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, रंग जात नाही. कारण आत हवा नाही. आणि त्याच कारणानं पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. पहिल्यांदा दोरीनं कंदील सोडायचा. विझला की वर ओढायचा, थांबायचं. परत सोडायचा. जळत राहिला की माणूस उतरायचा. सुट्टीत कंदील सोडायचं काम माझ्याकडे. हळद पोत्यात भरायला पण जायचो. मग सोमवारी नखं पिवळी. साबणानं जात नाही, आठ दिवस घेते.

२००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. हळद गेली, त्यातली बरीच पेवं कायमची गेली. वडिलांनी त्यानंतर काम सोडलं. मी टेम्पो चालवतो, मार्केट यार्डातनं माल. दहावी तिसऱ्या वारीला निघाली, ऑक्टोबर, मार्च, ऑक्टोबर.

विज्ञानाच्या बाई चांगल्या होत्या. ज्वलनाला काय लागतं विचारलं, पुस्तक कुणी वाचलेलं नव्हतं. मी कंदिलाचं सांगितलं. बाईंनी तास संपल्यावर मला हाताला धरून वर नेलं, अ तुकडीत, आणि म्हणाल्या, “ह्यांना सांग.” मी सांगितलं. एवढंच.

आयर्विनकर

हळद्या, मला तो दिवस आठवतो.

म्हणजे तू आठवतोस असं म्हणणं खोटं होईल. चेहरा अजिबात आठवत नाही. पण पिवळी नखं आठवतात. तू फळ्याजवळ उभा होतास, हात मागे घेत होतास, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी “हळदी-कुंकू” म्हणालं आणि वर्ग हसला. मीही हसलो. बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं. सहामाहीत ‘ज्वलनासाठी ऑक्सिजन आवश्यक असतो हे उदाहरणासह स्पष्ट करा’ आलं आणि आम्ही बहुतेक सगळ्यांनी कंदिलाचं उदाहरण लिहिलं. मला चारपैकी चार मिळाले.

मोजलं. ६१ मध्ये ड चे तीन आहेत. ते तिघंही नववीत ड मधून क मध्ये गेलेले. म्हणजे खरं तर शून्य. ग्रुप अ तुकडीच्या पाच जणांनी सुरू केला, त्यांनी आपापले मित्र जोडले, मित्रांनी मित्र. कुणालाही वगळलं नाही. आणि तरीही हे असं झालं.

ड ची यादी कुठून मिळेल? हळद्या, तुझ्या संपर्कात कोण आहे?

हळद्या

चौघं. एक खणभागात सायकलचं दुकान, एक एसटीत, एक यार्डात हमाल, एक कर्नाटकात ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. बाकीच्यांची निम्मी नावं पण आठवत नाहीत. आम्ही एकमेकांना टोपणनावानंच ओळखायचो. म्हावरं, पंक्चर, डबल, आण्णा. पंक्चरचं खरं नाव मला आजपण माहीत नाही.

दाखला

मी १९९२ चा नाही, बराच नंतरचा. पण त्याच शाळेच्या ऑफिसात आहे, म्हणून बोलतो.

यादी जनरल रजिस्टरमध्ये मिळते. शाळेत आलेल्या प्रत्येकाची एक ओळ : रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, प्रवेशाची इयत्ता, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. ते कायम ठेवायचं असतं, रद्दीत घालता येत नाही. आजही साठीतले लोक जन्मतारखेच्या पुराव्यासाठी येतात.

अडचण पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ऑफिस पूर्ण बुडलं. रजिस्टरं आम्ही वरच्या रॅकवर टाकली होती, २००५ च्या हिशेबाने. पाणी त्याच्यावर गेलं. नंतर दोन महिने पानापानात वर्तमानपत्रं घालून, पंख्याखाली वाळवली. काही ठिकाणी पानं चिकटून पाव झाला.

आता मजा ऐका. तुमच्या बॅचची पाचवीतली नोंद १९८६ ची. तेव्हाचे क्लार्क शाईच्या पेनाने लिहायचे, अक्षर मोत्यासारखं. ती पानं पुसली गेलीत, निळा ढग राहिलाय नुसता. १९८९ ला आठवीत जे नव्याने आले, म्हणजे सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांतून, आजूबाजूच्या खेड्यांतून, त्यांची नोंद पुढच्या क्लार्कनी बॉलपेनने केली आहे. अक्षर कोंबडीचे पाय. पण एकन् एक नाव वाचता येतं.

ही आठवीला आलेली मुलंच बहुतेक ड मध्ये टाकली जायची.

फोटो काढून इथं टाकणार नाही, त्यात जातीपासून सगळं आहे. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, ऑफिसात बसून नावं आणि गावं उतरवून घ्या. शनिवारी सकाळी मी असतो.

आयर्विनकर

शनिवारी जाऊन आलो. मी, चिंचबोरं आणि हळद्या. चौतीस वर्षांनी पहिल्यांदा भेटलो, आणि शाळेच्या ऑफिसात बाकड्यावर, दंड झाल्यासारखे.

४७ नावं मिळाली. हरिपूर, अंकली, सांगलीवाडी, कर्नाळ, डिग्रज. ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यात आमच्या तुकडीसमोर सगळीकडे ‘पुढील शिक्षणासाठी’ असणार, पुसलं गेलं नसतं तर. इथं अकरा ठिकाणी ‘सतत गैरहजर’ आहे. एका ठिकाणी ‘पालकाची बदली’, त्यावर हळद्या मोठ्यानं हसला. त्या मुलाचे वडील ऊसतोडीचा हंगाम संपला म्हणून बीडला परत गेले होते.

पंक्चरचं खरं नाव सापडलं. इथं लिहीत नाही. हळद्यानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, “हे त्याला शोभत नाही.”

गेले पंधरा दिवस टेम्पोतून गावोगाव फिरून हळद्यानं सव्वीस जण शोधलेत. माझं योगदान म्हणजे शेजारच्या सीटवर बसणं. सहा वारले आहेत. दोन मुंबईत. कर्नाळच्या एकानं आम्हाला चहा दिला, म्हैस दाखवली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुमी करा. मला त्या शाळंत यायचं न्हाई.” का ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

एसी हॉल रद्द केलाय. शाळेतच करायचं. माणशी ३०० रुपये, ज्याला जास्त द्यायचे त्यानं दाराशी डबा असेल त्यात टाकायचे, नाव न लिहिता. जेवण पिठलं-भाकरी, संध्याकाळी भडंग आणि चहा.

कडक_इस्त्री

भडंगात कांदा ऐन वेळी घाला, नाहीतर मऊ पडतो. मी आदल्या दिवशी पोचतो. डब्याचं मी बघतो.

पुणेकर_नाइलाजाने

रुळाचा तुकडा आहे का अजून? का भंगारात गेला?

दाखला

आता इलेक्ट्रिक बेल आहे. रूळ मागच्या शेडमध्ये सापडला, दाराला अडकण म्हणून लावलेला. बोल्ट नाही मिळाला.

हळद्या

बोल्टाची काळजी नको, टेम्पोत चार आहेत.

फोटोवाल्याला मी सांगितलंय. पहिला फोटो ड चा. नऊ असले तरी काढायचा. मागची रांग बाकावर उभी राहणार, म्हणजे आठ-दहा बाक वर्गातनं मैदानात आणायला लागतील. ते ह्या खेपेला अ तुकडीनं आणायचे.